संगणकनीतीचे अध्यापन: वर्धा जिल्ह्यातील भाषाभ्यासाच्या अनुषंगाने

विद्यापीठात संगणकनीती कशी शिकवावी, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासमंडळाच्या बैठकीतला वाटतो. तिला स्वतंत्र प्रश्नपत्रिका द्यावी की एखाद्या प्रश्नपत्रिकेचा घटक मानावे, श्रेयांक किती ठेवावेत, ती संगणकशास्त्राच्या अध्यापकाकडे सोपवावी की तत्त्वज्ञानाच्या, अशा स्वरूपात तो सामान्यतः मांडला जातो आणि तशाच स्वरूपात निकालातही निघतो. वस्तुतः यापूर्वीचा एक प्रश्न विचारावयास हवा. जो विद्यार्थी संगणक वापरतो तो त्याचा उपयोग करून कोणाचे काय करतो? संगणक आता कोणा एका शास्त्राचे साधन राहिलेला नाही. कृषिपदवीधर त्यावर शेताचे नकाशे करतो, वैद्यकीय विद्यार्थी रुग्णांच्या नोंदी पाहतो, आणि भाषाशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्याच्या तोंडचे शब्द त्यात साठवितो. प्रत्येकाच्या हाती परक्या माणसाचे काहीतरी असते. मात्र ते 'काहीतरी' प्रत्येक विषयात निराळे असते. तेव्हा नीतीचा पाठही त्या त्या विषयाच्या कामातूनच निघाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. विवेचनासाठी भाषाभ्यासाचे उदाहरण घेतले असून क्षेत्र वर्धा जिल्ह्याचे आहे. या जिल्ह्याची निवड का केली, हे पुढे ओघानेच स्पष्ट होईल.

आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला या विषयाचा परिचय बहुधा दोन वाटांनी होतो. पहिली वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांची. वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी केलेल्या या विनियमांत साम्याचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठहून अधिक असे चार स्तर पाडून त्यांना अनुसरून दंड सांगितला आहे. दुसरी वाट पीएच.डी.च्या पूर्वाभ्यासक्रमात आयोगाने २०१९ मध्ये घातलेल्या संशोधन व प्रकाशन नीतीच्या पाठ्यक्रमाची. त्याला दोन श्रेयांक आणि तीस तासिका आहेत. त्यांपैकी तत्त्वज्ञान व नीती यांच्या वाट्याला तीन तासिका येतात, तर आधारसूची व संशोधनाची मोजमापे यांच्या वाट्याला सात. या दोन्ही योजनांची गरज होती, याविषयी दुमत नाही. तथापि त्यांत संगणक येतो तो मुख्यतः पहारेकरी म्हणून. साम्य शोधणारी प्रणाली, उल्लेखांची संख्या मोजणारी प्रणाली, अशी त्याची रूपे तेथे दिसतात. विद्यार्थी संगणकाच्या साह्याने इतरांवर काय परिणाम घडवितो, ही बाजू जवळजवळ कोरी राहते. परिणाम असा होतो की, साम्य नऊ टक्क्यांवर आले की नीतीचे काम आटोपले, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात घर करते.

या गोंधळाला शब्दांचाही हातभार लागतो. मराठीत 'नीती' म्हणजे सदाचाराचे शास्त्र किंवा आचरण. शासनाच्या वा संस्थेच्या कार्यदिशेला मराठी माणूस 'धोरण' म्हणतो. हिंदीत मात्र 'नीति' हाच शब्द धोरणाच्या अर्थी रूढ आहे. मराठीत जे 'शैक्षणिक धोरण' तीच हिंदीत 'शिक्षा नीति'. वर्ध्यात या दोन भाषा रोज एकमेकींच्या शेजारी नांदतात. राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे १९३६ पासून आहे आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये येथेच स्थापन झाले. अशा ठिकाणी फलकावर 'संगणक नीति' असे लिहिले, तर हिंदीभाषक विद्यार्थी ते संगणकवापराचे नियम म्हणून वाचील आणि मराठीभाषक विद्यार्थी संगणकाविषयीचा सदाचार म्हणून. हा केवळ शब्दार्थाचा योगायोग मानून सोडून देण्याजोगा नाही, कारण या विषयाच्या व्याख्येतच नेमका हा पेच आहे.

जेम्स मूर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्या पेचाची फोड केली. संगणक ही तार्किकदृष्ट्या वाटेल तसा आकार घेणारी वस्तू असल्यामुळे तो माणसाला पूर्वी अशक्य असलेल्या गोष्टी करू देतो; त्या गोष्टींविषयी कोणतेही धोरण आधी ठरलेले नसते. ही धोरणाची पोकळी होय. पण पोकळी दिसली की लगेच नियम घालून ती भरता येत नाही, कारण बहुधा तिच्या मुळाशी कल्पनांचा गोंधळ असतो. ज्या वस्तूविषयी नियम करावयाचा ती वस्तू नेमकी काय आहे, हेच ठरलेले नसते. म्हणजे मराठी अर्थाची नीती आधी आणि हिंदी अर्थाची नीति मागाहून, असा हा क्रम आहे. अध्यापनात तो नेमका उलटा होतो, ही तक्रार गैरवाजवी म्हणता येणार नाही.

मूर यांच्यापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्येच स्वयंचलित यंत्रांच्या मानवी परिणामांवर सामान्य वाचकासाठी ग्रंथ लिहिला होता. डॉन पार्कर यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या मासिकात माहितीप्रक्रियेच्या नीतिनियमांची चर्चा केली. संगणककेंद्रात शिरताना माणसे आपली नीती दाराबाहेर ठेवतात, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण पुढे प्रसिद्धी पावले. (देवळात जाताना वहाणा बाहेर ठेवण्याची सवय असलेल्या वाचकाला ही कल्पना चटकन समजावी, फरक इतकाच की वहाणा परतताना पुन्हा पायांत घातल्या जातात.) विषयाला नाव दिले ते वॉल्टर मेनर यांनी, १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास. मेनर त्या वेळी वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवीत होते, आणि प्रकरणात संगणक आला की जुने नैतिक प्रश्न अधिक बिकट होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. ही गोष्ट लक्षणीय आहे. संगणकनीतीचा जन्म संगणकाच्या वर्गात झाला नाही; दुसऱ्याच एका विषयाच्या कामात संगणक आडवा आला, त्यातून झाला.

येथे वर्ध्याचा संबंध येतो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेली योजना पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला, आणि १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्रामास त्या योजनेचा प्रयोग चालविला. या योजनेची चर्चा बहुधा सूतकताईपाशी येऊन थांबते. परंतु शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातील मोलाची कल्पना समवायाची आहे. मुलाने टकळीवर सूत काढावे, तार मोजताना गणित यावे, कापूस कोठून आला हे विचारताना भूगोल यावा, आणि हे कापड कोणी विणले व कोणी नेसले हे पाहताना समाजशास्त्र यावे. ज्ञान कामाला बाहेरून चिकटवावयाचे नाही; ते कामातून उकलावयाचे. नीतीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. 'यंग इंडिया'च्या २२ ऑक्टोबर १९२५ च्या अंकात छापलेल्या सात सामाजिक पातकांच्या यादीत चारित्र्यावाचून ज्ञान आणि माणुसकीवाचून विज्ञान ही दोन पातके आहेत. अशी यादी भिंतीवर लावणे सोपे असते, आणि लावल्यावर तिच्याकडे पाहणे सुटते. समवायाचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. जिल्ह्यात त्याचे उच्च शिक्षणातील एक उदाहरणही आहे. १९६९ मध्ये सुशीला नय्यर यांनी स्थापन केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवागत विद्यार्थ्यांचे शिबिर आश्रमात होते, आणि पुढे प्रत्येक तुकडी एकेका गावाशी जोडली जाते. रुग्णाविषयीची वृत्ती तेथे वर्गाआधी गावात आकार घेऊ लागते.

गांधीजींचे नाव निघताच यंत्रविरोधाचा आक्षेप येतो, त्याचा निकाल येथेच लावणे बरे. 'हिंद स्वराज'मधील १९०९ ची भूमिका कडवी होती, हे खरे. पण १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली आणि १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्याच्या रचनेसाठी एक लक्ष रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. यंत्र असावे की नसावे हा त्यांचा प्रश्न उरला नव्हता. ते कोणाच्या हाती राहते आणि कोणाला निकामी करते, हा प्रश्न होता. संगणकनीतीच्या वर्गाला याहून वेगळा प्रश्न शोधावयास नको.

आता भाषाशास्त्राच्या वर्गात हा समवाय कसा साधावा, ते पाहू. पहिले उदाहरण रूपविचारातले आहे. मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते, वचन सांगते, आणि आदरही सांगते. इंग्रजीत 'डॉक्टर आला' आणि 'डॉक्टर आली' यांना एकच वाक्य पुरते. ते वाक्य भाषांतरयंत्रात घातले की यंत्राला 'आला', 'आली', 'आले' आणि 'आल्या' यांपैकी एक रूप निवडावेच लागते. मराठीच्या व्याकरणात मौन पाळण्याची सोय नाही. डॉक्टरच्या जागी परिचारिका, न्यायाधीश, स्वयंपाकी, सफाई कामगार, मंत्री आणि मजूर अशी कर्तृपदे इंग्रजीतून घालून विद्यार्थ्यांनी तक्ता करावा. स्तंभ दोन असावेत: लिंग कोणते निवडले, आणि आदरार्थी बहुवचन कोणाला लाभले. हा तक्ता करताना विद्यार्थ्याला काही गोष्टी कोणी न सांगता समजतात. यंत्राला मत नसते. ज्या लिखाणावर ते घडविले त्या लिखाणात ज्याला जसे संबोधले गेले तसेच ते संबोधते. मंत्री 'आले' आणि मजूर 'आला' हे यंत्राने शोधून काढलेले नाही; ते वृत्तपत्रांनी आणि पुस्तकांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरविलेले आहे. पण लेखकाने 'मजूर आला' असे लिहिले तर तो एका लेखकाचा दोष असतो. यंत्राने तेच लक्षावधी वेळा लिहिले की तो भाषेचा नियम भासू लागतो. लिंगाच्या बाबतीत आणखी एक वस्तुस्थिती वर्गात सांगण्याजोगी आहे. भारतीय संसदेने २०२३ मध्ये केलेल्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या इंग्रजी संहितेत व्यक्तीसाठी सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे, आणि त्यात सर्व लिंगांच्या व्यक्तींचा समावेश होतो असे व्याख्येत नमूद केले आहे. त्या संहितेचे मराठी भाषांतर करताना या स्त्रीलिंगाचे काय करावे, हा रूपविचाराचा उत्तम प्रश्न आहे, आणि तो तितकाच नीतीचाही आहे.

याच जातीचा दुसरा पाठ ध्वनिविचारात मिळतो. वर्ध्याच्या आसपास ऐकू येणाऱ्या वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया' होतो. प्रमाण उच्चारांवर घडविलेले श्रवणयंत्र 'काया' ऐकून देह समजले, तर ती चूक कोणाची? बोलणाऱ्याची खासच नव्हे. तरीही अशा यंत्रापुढे उभा राहिलेला शेतकरीच आपला उच्चार बदलू लागतो. भाषाभ्यासकाने बोलीचे वर्णन करावे, तिला दुरुस्त करू नये, हे तत्त्व विद्यार्थी पहिल्या सत्रातच शिकतो; यंत्र त्याच्याच विद्येच्या आधाराने उलट काम करीत असेल, तर त्याने ते ओळखावे एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

याहून गंभीर प्रकरण कोलामीचे आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील, शासनाने विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या इतर दोन. कोलामांची वस्ती मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या वर्धा, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत आहे. त्यांच्या वाडीला पोड म्हणतात. त्यांची भाषा द्राविड कुळातील मध्यवर्ती शाखेची असून २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सव्वा लाखाहून थोडी अधिक आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात या भाषेला जे स्थान आहे ते वर्ध्यामुळे. मरी एमेनो हे १९३५ ते १९३८ या काळात भारतात होते. त्या काळात त्यांनी वर्ध्याच्या कोलामीची सामग्री गोळा केली, आणि तिच्यावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. पुढे बरो व एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात, म्हणजे १९६१ च्या पहिल्या आणि १९८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत, हे कोलामी शब्द गेले. तो कोश आज संगणकावर कोणालाही पाहता येतो. नई तालीमची परिषद ज्या दशकात या जिल्ह्यात भरली, त्याच दशकात या जिल्ह्यातील कोलामांच्या तोंडचे शब्द वहीत उतरले, वहीतून ग्रंथात, ग्रंथातून कोशात आणि कोशातून यंत्रात गेले.

या प्रवासात एमेनो यांच्याकडे बोट दाखविण्यासारखे काही नाही. वहीत शब्द लिहून घेणाऱ्या अभ्यासकाला त्या शब्दाच्या भावी यंत्रजन्माची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांचे काम नसते तर वर्ध्याच्या कोलामीविषयी पुष्कळसे कळलेच नसते. परंतु आजचा विद्यार्थी पोडावर जातो तेव्हा त्याच्या हाती वही नसते, ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते. शब्द आणि आवाज यांत मूलभूत अंतर आहे. शब्द सर्व भाषकांचा, आवाज एकाचा. नाव काढून टाकले की सामग्री निनावी झाली, असा इतर शास्त्रांतील समज येथे टिकत नाही. तीसचाळीस घरांच्या पोडात कोणाचाही आवाज ऐकून तो कोणाचा हे लहान मूल सांगील. शिवाय थोड्याशा नमुन्यावरून तोच आवाज न उच्चारलेली वाक्ये बोलू शकतो, इतकी मजल यंत्राने आता गाठली आहे. आपल्या आजीने सांगितलेली कथा तिच्याच आवाजात, पण तिने कधीही न सांगितलेल्या शब्दांत पुढे ऐकू येईल, ही शक्यता मुद्रणापूर्वी सांगितली गेली होती काय? सांगितली नसेल, तर मिळालेली संमती कशाची होती?

संमतीच्या प्रश्नात कायदा आणि भाषा यांची गाठ पडते. २०२३ च्या अधिनियमानुसार संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी लागते, आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीला द्यावा लागतो. दिलेली संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, असेही त्यात म्हटले आहे. तरतूद चांगली आहे. मात्र आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत आणि त्यांत कोलामी नाही, गोंडीही नाही. म्हणजे ज्या भाषेचे मुद्रण करावयाचे त्याच भाषेत संमती मागण्याचे बंधन कायदा घालीत नाही. कोलाम स्त्रीपुढे मराठी कागद ठेवला की नियमाची पूर्तता झाली. संशोधन, अभिलेखन आणि सांख्यिकी यांसाठी अधिनियमात अटींसह सूटही आहे. या अधिनियमाचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मूर यांच्या परिभाषेत, धोरणाची पोकळी भरत आली आहे. पण पोडावरच्या अंगणात ती तशीच आहे. तेथे कायद्याचा आधार संपतो आणि विद्यार्थ्याची नीती सुरू होते. जो विद्यार्थी कोलामीचे रूपिम वेगळे काढू शकतो त्याने संमतीची चार वाक्ये कोलामीत, पोडातल्याच कोणाच्या मदतीने, रचून पाहावीत. साठवणे, नक्कल करणे, परत घेणे, परक्या देशी पाठविणे यांना तेथे कोणते शब्द आहेत आणि कोणते नाहीत, हे तपासताना त्याला अर्थविचाराचा जो पाठ मिळेल तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

मराठीतही हे शब्द सरळ नाहीत. 'प्रायव्हसी'साठी कागदोपत्री 'गोपनीयता' हा शब्द वापरतात. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगे. त्यामुळे ज्याच्यापाशी लपविण्यासारखे काही नाही त्याला या हक्काचे काय काम, असे विद्यार्थी प्रामाणिकपणे विचारतात, आणि शब्दाच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच असते. 'खासगी' हा जुना शब्द अधिक उपयोगी आहे. मराठेशाहीत खासगी म्हणजे सरकारी दौलतीपासून निराळी काढलेली, घरच्या सत्तेखालची मिळकत; होळकरांच्या घराण्यातील खासगी प्रसिद्धच आहे. तेथे लपविण्याचा प्रश्न नव्हता, सत्ता कोणाची हा होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात जो मूलभूत हक्क मान्य केला तो याच अर्थाच्या जवळचा आहे. एकेकाळी राजघराण्यांची असलेली खासगी आता पोडावरच्या म्हातारीचीही आहे. कथा सगळ्या गावाला सांगितलेली असूनही तिच्या मुद्रणावर तिची सत्ता असू शकते, हे 'गोपनीयता' या शब्दाने कधीच समजले नसते.

सत्ता तिची आणि ताबा विद्यार्थ्याचा, तर मग विद्यार्थी कोण? अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्याला दिलेल्या इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी विश्वास हा अर्थ आहे; मराठीत त्याला विश्वस्त म्हणणे शोभेल. सेवाग्रामच्या वाचकाला विश्वस्तपणाची कल्पना नवीन नाही. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडील माओरी लोकांनी ती प्रत्यक्षात आणलेली दिसते. ते हिकू मीडिया या माओरी नभोवाणी संस्थेने २०१८ मध्ये दहा दिवसांत तीनशेहून अधिक तासांचे माओरी भाषण लोकांकडून मिळविले आणि त्यावर श्रवणयंत्र घडविले. पण ती सामग्री खुली सोडून दिली नाही, की बाहेरच्या कंपन्यांच्या हवाली केली नाही. राखणदारी या अर्थाच्या माओरी शब्दानेच तिचा परवाना ओळखला जातो. भारतात २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' योजनेत लोकांकडून आवाज व वाक्ये मिळविण्याच्या उपक्रमाला 'भाषादान' असे नाव दिले आहे. नाव सुंदर आहे, आणि पवनारच्या परिसरात त्याचा अर्थ सहज मनात भरतो. परंतु विनोबा दान हा शब्द शंकराचार्यांना अनुसरून संविभाग, म्हणजे न्याय्य वाटणी, या अर्थाने घेत असत. भूदानात दानपत्र असे, देणाऱ्याचे नाव असे, आणि जमीन कोणाला जाणार हा प्रश्न उघड असे. तरीही दान मिळालेल्या जमिनीपैकी मोठा भाग प्रत्यक्षात वाटला गेला नाही. भाषेच्या दानात वाटणी कोणाला आणि कशाची, हे देणाऱ्याला विचारता आले पाहिजे.

अशा अध्यापनावर दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा. पण वरील पाठांपैकी एकही पाठ अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. आदरार्थी बहुवचन, 'ळ'चा 'य', क्षेत्रकार्य हे सारे तसेही शिकवावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाषेच्या अध्यापकाला यंत्राचे अंतरंग ठाऊक नसते, मग तो त्याची नीती कशी शिकविणार? याचे उत्तर असे की, अध्यापकाने न जाणता यंत्रावर बोलू नये हे बरोबर. मात्र संगणकाच्या अध्यापकाला 'आले' आणि 'आल्या' यांतील भेदाचे सामाजिक वजन ठाऊक नसते, हेही तितकेच खरे. दोघांनी एका वर्गात उभे राहावे. नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत भाषा आणि संगणक हे विभाग पुष्कळदा एकाच इमारतीत असतात. अडचण अंतराची नसून वेळापत्रकाची आहे.

परीक्षा मात्र खरोखर अवघड आहे. चार पर्यायांतून एक निवडावयाच्या प्रश्नपत्रिकेत नीती बसत नाही. तेथे विद्यार्थी अपेक्षित उत्तर लिहितो आणि गुण मिळवितो. त्यापेक्षा प्रत्येक लघुप्रबंधाबरोबर एक टिपण मागावे: सामग्री कोणाकडून घेतली, कोणत्या भाषेत विचारले, कोणी नकार दिला, काय मुद्रित करण्याचे टाळले, आणि प्रबंध संपल्यावर मुद्रण कोठे राहील. नकाराची नोंद यांत सर्वांत बोलकी असते. जेथे एकही नकार नोंदलेला नाही, तेथे मौखिक परीक्षेत थोडे अधिक विचारावयास हरकत नसावी.

शेवटी जुन्या ध्वनिफितींचा प्रश्न उरतो. भाषाविभागांच्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या कपाटांत अशा फिती असतात, आणि त्या खराब होण्यापूर्वी संगणकात उतरवून घ्याव्यात अशी योग्य घाई सुरू झाली आहे. अधिनियमाच्या कक्षेत आधी कागदावर वा फितीवर घेतलेली आणि मागाहून अंकीय केलेली वैयक्तिक माहितीही येते, हे येथे विसरता येत नाही. फितीवर बोलणाऱ्यांनी फितीसाठी होकार दिला होता. यंत्रासाठी दिला नव्हता, कारण कोणी विचारलेच नव्हते. त्यांपैकी कित्येक आज हयात नसतील. अशा वेळी पदव्युत्तर विद्यार्थ्याला देण्याजोगे काम असे आहे: फितीवर गाव लिहिलेले असेल तर त्या पोडावर जावे, नाईकाला आणि त्या घरच्यांना भेटावे, मुद्रण त्यांना ऐकवावे, एक प्रत त्यांच्यापाशी ठेवावी, आणि पुढे काय करावे ते विचारावे. ऐकताना ते काय बोलतात, तेही टिपून ठेवावे. अर्थात त्यांना विचारून.